ऑडिशनला जाताना काय घालायचं?

(हिंगोली येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

 

मी जाहिरातींच्या शूटिंगसाठी कपडे जमवण्याचं काम करते. कपडे आणायचे, बसतात का बघायचे, कमी-जास्त करून घ्यायचे, इस्त्री करायची. आजचा विषय आहे मॉडेलिंगच्या ऑडिशनला जाताना कपडे कसे करावेत. काही जणांच्या मनात आलं असेल, की हा विषय हिंगोलीत कशाला? इथं सोयाबीन, कापूस, हळदीचं बोला. पण परिस्थिती बदलली आहे. नांदेडच्या साडीच्या दुकानाला, छत्रपती संभाजीनगरच्या सराफाला, बियाणं विकणाऱ्या कंपनीला, सगळ्यांना आता जाहिरातीसाठी चेहरे लागतात. निवडीची पहिली फेरी कितीतरी वेळा मोबाइलवर होते. सेनगावच्या मुलीलाही मेसेज येतो, कळमनुरीच्या मुलालाही येतो. आणि मेसेज आला की घरात पहिला प्रश्न पडतो: घालायचं काय? दुसरा लगेच पडतो: पैसे किती लागतील?

या दुसऱ्या प्रश्नासाठीच मी आज आले आहे. या एका दिवसासाठी लोक उसने पैसे काढून कपडे घेतात. त्याची काहीही गरज नसते. ती का नसते, ते आधी समजून घेऊ.

निवडणारा काय बघतो?

ऑडिशन म्हणजे काय हो? निवडणारी माणसं एकेकाला एक-दोन मिनिटं बघतात. तेवढ्या वेळात त्यांना चार गोष्टी ठरवायच्या असतात. चेहरा कॅमेऱ्यात कसा दिसतो, बांधा कसा आहे, उभं कसं राहता, चालता कसं. शूटिंगच्या दिवशीचे कपडे त्यांचेच असतात. साडी विकायची असेल तर साडी त्यांची, सूट विकायचा असेल तर सूट त्यांचा. त्यांना तुमच्या अंगावर त्यांचे कपडे कल्पून बघायचे असतात. तुम्ही टिकल्या लावलेला, झालरीचा, चमचमता ड्रेस घालून गेलात तर त्यांना आधी तो ड्रेस डोळ्यांआड करावा लागतो. दोन मिनिटांत तेवढी मेहनत कोणी करत नाही. ते पुढचं नाव पुकारतात.

आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. हिंगोलीत एकेकाळी निजामाच्या फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही आपल्या भागांची नावं त्या काळाची खूण आहेत. पलटणीत सगळ्यांना एकच वर्दी. सगळे सारखेच दिसत असल्यामुळे कवायत घेणाऱ्याला कोणाचे खांदे पडले आहेत, कोणाचं पाऊल चुकतंय, हे लगेच कळतं. ऑडिशनच्या साध्या कपड्यांमागचा हिशोब हाच आहे. साधा काळा टी-शर्ट आणि जीन्स ही या धंद्यातली वर्दी आहे. ती घातली की कपडे मागे जातात आणि माणूस पुढे येतो.

मग नेमकं काय घालायचं?

मुलींसाठी: एक साधा, एकरंगी, अंगाला नीट बसणारा टी-शर्ट किंवा बिनबाह्यांचा टॉप. खाली गडद रंगाची सरळ किंवा घट्ट बसणारी जीन्स. बिनबाह्यांचं नको असेल तर अर्ध्या बाहीचा चालतो, त्यानं काही अडत नाही. आतले कपडे आपल्या त्वचेच्या रंगाशी जुळणारे आणि काठ न दिसणारे असावेत, कारण वरून पट्टी दिसली की नजर तिथंच जाते. ओढणी, जाकीट, मोठा पट्टा यातलं काही नको.

मुलांसाठी: एकरंगी, गोल गळ्याचा टी-शर्ट आणि गडद जीन्स. ढगळ नको, आणि शिवण उसवेल इतका तंगही नको. पिशवीत एक साधा फिका शर्ट ठेवा. ऑफिसातला माणूस हवाय म्हणाले तर पाच मिनिटांत बदलता येतो.

छातीवर कंपनीचं नाव, वाघाचं चित्र, इंग्रजीतलं एखादं वाक्य, असं काही नको. एका कंपनीच्या जाहिरातीच्या निवडीला दुसऱ्या कंपनीचं नाव छातीवर मिरवत जाणं बरं दिसत नाही, आणि बघणारा ते वाचत बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, फिटिंग. तीनशे रुपयांचा नीट बसणारा टी-शर्ट तीन हजारांच्या लोंबणाऱ्या शर्टापेक्षा चांगला दिसतो. विकत घेताना खांदा बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर आली पाहिजे. कंबर, बाही, लांबी हे सगळं नंतर कमी करता येतं, खांदा सुधारणं मात्र अवघड आणि महाग. म्हणून खांद्याला बसेल ते घ्यायचं आणि बाकीचं शिंप्याकडून करून घ्यायचं.

आणि शिंप्यासाठी तुम्हाला मुंबईला जायची काय गरज? संत नामदेवांचं नरसी इथून जवळच आहे. ते घराणं शिंप्याचं. नामदेवांच्या पदांत गज, कात्री, सुई-दोरा येतो, आणि त्यांची पदं थेट शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबापर्यंत पोचली आहेत. त्या परंपरेच्या जिल्ह्यात राहून आपण आयता, न बसणारा कपडा तसाच का घालायचा? आपल्या गल्लीतल्या टेलरकडे जा. म्हणा, काका, बाजूनं अर्धा इंच आत घ्या, जीन्सची लांबी घोट्यापाशी आणा. त्याच फेरीत त्यांच्याकडून टेपनं आपली मापं घ्या. उंची बिनचपलेची, छाती, कंबर, नितंब, सगळं इंचात लिहून ठेवा. ऑडिशनच्या फॉर्मवर ही मापं विचारतात. उंची वाढवून लिहू नका. तिथं भिंतीला उभं करून मोजतात.

उंचीचं निघालंच आहे तर सांगते. रॅम्पवर चालण्यासाठी साधारणपणे मुलींची उंची ५ फूट ८ इंचांच्या पुढे आणि मुलांची ६ फुटांच्या आसपास लागते. तिथं डिझायनरचे कपडे एका मापाचे शिवलेले असतात, म्हणून हा आग्रह. जाहिरात, कॅटलॉग, दागिने, घरगुती वस्तू यांना हे बंधन नाही. तिथं सगळ्या वयाची, सगळ्या उंचीची माणसं लागतात.

कॅमेऱ्याला काय चालतं?

कॅमेऱ्याचे काही हट्ट आहेत. बारीक चौकडा किंवा बारीक रेघांचा कपडा घातला की पडद्यावर त्या रेघा थरथरताना दिसतात. पांढराशुभ्र कपडा घातला की कॅमेरा तो उजेड कमी करायला बघतो आणि चेहरा काळपट येतो. साटीनसारखा चमकणारा कपडा दिव्याखाली डाग पडल्यासारखा दिसतो. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवा कपडा घालू नका. पडद्यासोबत तोही गायब होईल.

चालणारे रंग म्हणजे गडद निळा, मरून, राखाडी, मोरपंखी. काळाही चालतो, फक्त मागची भिंत काळी नको.

आणि इथं एक गोष्ट स्पष्ट बोलते. सावळ्या रंगाच्या मुलींना घरून सांगतात, फिके कपडे घाल, उजळ दिसशील. चेहऱ्यावर दोन शेड फिकी पावडर लावून पाठवतात. मग चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची. ऑडिशनला जवळजवळ बिनमेकअपचा चेहरा हवा असतो. त्वचा खरी कशी आहे हे बघणं हाच हेतू असतो. काळही बदलतोय. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ला आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला. तुमचा रंग हा तुमचा कच्चा माल आहे, तो लपवून विकता येत नाही. मरून आणि मोरपंखी सावळ्या रंगावर किती खुलतात, हे आपल्या आज्यांच्या लुगड्यांनी कधीच दाखवून दिलंय.

छोट्या गोष्टी, मोठा फरक

हळद. आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा रंग कसा चढतो हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच आदल्या दिवशी चेहऱ्याला हळदीचा लेप नको. कॅमेऱ्यात पिवळी झाक येते, आणि टी-शर्टच्या गळ्याला लागली तर टी-शर्टही गेला. नवीन फेशियल, नवीन क्रीम हेही आठवडाभर आधी बंद.

मेंदी. लग्नसराईत कोणाच्या तरी लग्नात हातभर मेंदी काढली जाते आणि ती आठ-दहा दिवस जात नाही. ऑडिशनमध्ये हात पुढून-मागून दाखवायला सांगतात. तारीख कळली असेल तर तेवढ्यापुरती मेंदी टाळा. नखं कापलेली, बिनरंगाची.

केस धुतलेले, चेहऱ्यावरून मागे घेतलेले. कान आणि जबड्याची रेघ दिसली पाहिजे. मुलांनी दाढी ठेवायची की काढायची हे मेसेजमध्ये बघा. काही सांगितलं नसेल तर तुमच्या फोटोत जशी आहे तशी ठेवा.

मनगटातला लाल धागा, गळ्यातलं लॉकेट, तुळशीची माळ, मंगळसूत्र यांचं काय? यात जबरदस्ती कोणाचीच नाही. एखादी वस्तू काढायची नसेल तर काढू नका, फक्त विचारल्यावर शांतपणे सांगा की मी हे काढत नाही. काही जाहिरातींना मंगळसूत्रवाली बाईच हवी असते. बाकी कडं, घड्याळ, पैंजण, डझनभर बांगड्या यांना सुट्टी द्या.

चपला. मुलींना चालून दाखवायचं असेल तर तीन-साडेतीन इंच टाचेचे साधे, काळे किंवा त्वचेच्या रंगाचे बूट-सँडल लागतात. पण ते नवे कोरे घालून जाऊ नका. पंधरा दिवस घरच्या फरशीवर रोज दहा मिनिटं चाला. सवय नसेल तर सरळ सपाट चप्पल घाला. डगमगत्या टाचेपेक्षा ताठ पाठ कधीही चांगली. मधु सप्रे नागपूरच्या, मिलिंद सोमण जलतरणपटू. दोघांनी मॉडेलिंगचा काळ गाजवला, आणि दोघंही आधी खेळाडू होते. १९९२ साली मिस युनिव्हर्सच्या मंचावर मधु सप्रेंनी प्रश्नाचं उत्तर देतानासुद्धा क्रीडांगण बांधीन असं सांगितलं होतं. खेळणाऱ्या माणसाचे खांदे आणि चाल कपड्यांच्या आधी बोलतात. इथं कबड्डी, खो-खो खेळणारी मुलं-मुली बसली असतील, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मेसेज नीट वाचा

आतापर्यंत सांगितलं ते मेसेजमध्ये काही लिहिलं नसेल तर. लिहिलं असेल तर ते पाळायचं.

‘शेतकरी हवा’ असं लिहिलं असेल, बियाणं-खताची जाहिरात असेल, तर लोक कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि कोरी टोपी घालून जातात. ते पुढाऱ्यासारखं दिसतं. धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा, रोजची पँट किंवा धोतर, बस्स. इथं तुम्ही मुंबईच्या मुलापेक्षा पुढे आहात. रुमाल डोक्याला कसा गुंडाळायचा, पाठीवरचा पंप कसा सरकवायचा, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही.

‘साडी’ लिहिलं असेल तर हलकी, एकरंगी, बारीक काठाची साडी. भरजरी पैठणी नको. ब्लाउज मात्र अंगचाच हवा, उसना आणला की पाठीवर सुरकुत्या पडतात. पिना आतून लावा. नऊवारी सांगितली असेल तर नेसून, बसून, चालून आधी बघा.

‘बँकेतली कर्मचारी’, ‘डॉक्टर’, ‘आई’ असं लिहिलं असेल तर त्या माणसाची नुसती चाहूल लागली पाहिजे. बँकेसाठी साधा कुर्ता किंवा शर्ट पुरतो. डॉक्टरसाठी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून जाऊ नका.

मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा असेल तर खिडकीकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येईल. मागे साधी भिंत. भिंतीच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाचा टी-शर्ट. बांगड्या वाजतात, त्या काढा. नाव, वय, उंची, गाव सांगा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा. चेहरा बदलणारे फिल्टर अजिबात नकोत.

आणि मुंबई-पुण्याला जायचं असेल तर प्रवासाचे कपडे वेगळे, ऑडिशनचे वेगळे. रेल्वेने जा नाहीतर ट्रॅव्हल्सने, मुंबई म्हणजे दहा-बारा तास तरी. टी-शर्ट घडी न घालता गुंडाळून ठेवा, चुण्या कमी पडतात. पिशवीत सेफ्टी पिना, सुई-दोरा, कंगवा, ओला रुमाल, जास्तीचा एक टॉप. वेळेच्या तासभर आधी पोचा आणि तिथं बदला.

कपड्यांच्या नावाखाली

शेवटचा मुद्दा. मला आज एकच मुद्दा बोलायला दिला असता तर मी हाच घेतला असता.

‘आमच्याकडचाच ड्रेस भाड्यानं घ्यावा लागेल’, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा, मगच ऑडिशन’, ‘नोंदणीचे पैसे आधी पाठवा’. असं कोणी म्हटलं की तिथंच थांबा. खऱ्या एजन्सीला काम मिळाल्यावर तुमच्या मानधनातून कमिशन मिळतं. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसरं. पोहण्याच्या कपड्यांत किंवा आतल्या कपड्यांत फोटो द्यायचे असतील, तर खरं काम देणारा ते लेखी, आधी, कंपनीच्या नावानिशी सांगतो. अनोळखी नंबरवरून ‘बॉडी शॉट पाठव, सिलेक्शनला लागतात’ असं आलं तर पाठवायचं नाही. ऑडिशनच्या जागी कपडे बदलायला कडी असलेली खोली मागा. नसेल तर बदलू नका. आणि ‘हे मी घालणार नाही’ हे वाक्य घरून पाठ करून जा. काम गेलं तर गेलं. काय घालायचं नाही, हे ठरवूनच घराबाहेर पडायचं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न (एक वडील): मॅडम, मुलगी बारावीला आहे, तिला एका ठिकाणाहून बोलावलंय. मी सोबत गेलो तर तिला कमीपणा येईल म्हणते. काय करू?*

दादा, जा. अठरा वर्षांखालच्या मुलीसोबत पालक असणं यात कमीपणा नाही, आणि जिथं पालकाला दारातच अडवतात तिथून मुलीला घेऊन परत या. फक्त आत गेल्यावर ‘असं उभं राहा, तसं हस’ असं मधे बोलू नका. कपड्यांचं म्हणाल, तर तिच्याकडे शाळेच्या खेळासाठी घेतलेला एखादा साधा टी-शर्ट असेलच, तो टेलरकडून बसवून घ्या. नवीन काही घेऊ नका.

*प्रश्न (एक आई): माझा मुलगा सात वर्षांचा आहे. मुलांच्या जाहिरातीला सूट-बूट घालून नेऊ का?*

नको ताई. साधा रंगीत टी-शर्ट, हाफ पँट, ज्यात तो रोज खेळतो. पावडर-काजळ नको, आणि झोप झालेली असू द्या. काम मिळालं तर कायदा माहीत असू द्या. बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत ठेवावा लागतो.

*प्रश्न (एक तरुण): एकूण खर्च किती येईल?*

घरात जीन्स आहे? मग एक एकरंगी टी-शर्ट, टेलरची शे-दोनशे रुपयांची दुरुस्ती आणि इस्त्री. बूट असतील तेच, पुसून. यापेक्षा जास्त खर्च कोणी सांगत असेल, तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा. उरलेले पैसे परतीच्या तिकिटाला ठेवा. निवड होवो न होवो, स्वतःच्या पैशानं घरी परत येता आलं पाहिजे.